घरच्या कुत्र्याची प्लेसमेंट

प्लेसमेंट म्हटलं की आपले कान लगेच टवकारतात. कट-ऑफ, ॲप्टिट्यूड, इंटरव्ह्यू आणि नशीब असेल तर ऑफर लेटर. याच पायऱ्या कुत्र्यांनाही चुकत नाहीत, असं सांगितलं तर?

इंग्लंड, कॅनडा, आयर्लंड अशा देशांत काही संस्था कुत्र्यांना शिकवून ऑटिस्टिक, म्हणजे मराठीत ज्यांना स्वमग्न म्हणतात, अशा मुलांच्या घरी मदतनीस म्हणून देतात. बरीच कुत्री संस्थांनी पिल्लापासून वाढवलेली असतात. पण काही मात्र आधी कुणाच्या तरी घरची पाळीव असतात. मालकाची नोकरी बदलते, घरात कुणाला ॲलर्जी निघते, दिवसभर घराला कुलूप असतं आणि कुत्रा दुसऱ्याला द्यायची वेळ येते. असा कुत्रा चक्क नोकरीला लागू शकतो. कसा, ते पाहू.

आधी ऑटिझमबद्दल थोडं. हा आजार नाही, मेंदूची जडणघडणच वेगळी असते. मिक्सरचा आवाज, ट्यूबलाईटची फडफड, गर्दीतले धक्के आपल्या खिजगणतीतही नसतात. काही मुलांना मात्र ते असह्य होतात. सगळं एकदम अंगावर आलं की मूल किंचाळतं, रस्त्यातच बसकण मारतं, नाहीतर वाट फुटेल तिकडे धावत सुटतं. समोरून गाडी येते आहे, याचं त्या क्षणी त्याला भान नसतं. त्यामुळे कित्येक कुटुंबं बाहेर पडणंच सोडून देतात.

इथे कुत्रा कामाला येतो. मुलाच्या कमरेला एक पट्टा, तो कुत्र्याच्या अंगावरच्या हार्नेसला जोडलेला आणि कुत्र्याचा दोर आईच्या किंवा वडिलांच्या हातात. हुकूम मोठं माणूस देतं, मूल नाही. मूल धावायला लागलं की पट्टा ताणला जातो आणि कुत्रा जागच्या जागी पाय रोवतो. पंचवीस-तीस किलोचा लॅब्रॅडॉर म्हणजे नांगरच! आईला दोन पावलं गाठायला तेवढा वेळ पुरतो. शिवाय मूल बिथरलं की मांडीवर डोकं टेकून वजन देणं, ते स्वतःला इजा करू लागलं की नाकाने ढोसून लक्ष वळवणं, हेही शिकवलं जातं. कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतातल्या नॅशनल सर्व्हिस डॉग्ज या संस्थेने १९९० च्या दशकात हे काम सुरू केलं. सगळ्याच संस्था पट्टा वापरत नाहीत, आणि जिथे वापरतात तिथेही मूल आणि कुत्रा यांना एकटं सोडत नाहीत.

याचा उपयोग होतो का? माँट्रियलच्या संशोधकांनी २०१० साली ४२ ऑटिस्टिक मुलांची लाळ तपासली. सकाळी जाग आल्यावर शरीरात कॉर्टिसॉल हे ताणाशी संबंधित हार्मोन वाढतं. कुत्रा येण्याआधी ही वाढ ५८ टक्के होती, कुत्रा घरात असताना १० टक्के झाली आणि कुत्रा काढून घेतल्यावर पुन्हा ४८ टक्क्यांवर गेली. दिवसभराच्या सरासरीत मात्र फरक पडला नाही. म्हणजे कुत्रा हे औषध नाही, पण त्याचा परिणाम मोजण्याइतका नक्कीच आहे.

आता इंटरव्ह्यू. घरचा कुत्रा घ्यायचा तर तो साधारण वर्ष-दोन वर्षांचा तरुण असावा लागतो. खुब्याच्या सांध्याचे एक्स-रे, डोळे, हृदय सगळं तपासतात. मग स्वभावाची परीक्षा. मागे एकदम पत्र्याचा डबा पाडायचा, समोर छत्री उघडायची, कान-शेपूट हाताळायचं, खाली बिस्किट टाकून त्याला पुढे न्यायचं. गंमत म्हणजे दचकलेला कुत्रा लगेच नापास होत नाही. तो किती लवकर सावरतो, हे बघतात. उलट राखणीला एक नंबर असलेला कुत्रा इथे हमखास उडतो. मूल किंचाळल्यावर त्याला 'वाचवायला' कुत्रा डॉक्टरवर धावून गेला, तर पंचाईतच!

बहुतेक पाळीव कुत्री या चाळणीत गळतात, कारण या परीक्षेचा अभ्यास फार आधी झालेला असावा लागतो. स्कॉट आणि फुलर या अमेरिकन संशोधकांनी १९६५ च्या आपल्या पुस्तकात दाखवलं, की पिल्लू साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात माणसं, आवाज, जागा यांना सरावतं. तेव्हा हुकलेलं नंतर भरून काढणं फार कठीण. हा विषय पुढच्या सेमिस्टरला घेता येत नाही! ब्रिटनमध्ये अंधांसाठीच्या कुत्र्यांचं काम १९३१ साली मोठ्या वयाच्या कुत्र्यांवर सुरू झालं. पण १९५६ पासून तिथे पिल्लंच स्वयंसेवकांच्या घरी वाढवायला देऊ लागले, ती याचसाठी. म्हणजे ट्रेनर काही महिन्यांत हुकूम शिकवेल, पण शांतपणा पहिल्या घरातूनच यावा लागतो. ज्या मालकाने पिल्लाला बाजारात फिरवलं, पोरांच्या गोंधळात झोपू दिलं, पाहुण्यांसमोर डांबून ठेवलं नाही, त्याने अर्धं ट्रेनिंग नकळत केलेलं असतं.

म्हणूनच कुत्रा देताना मालकाचं सर्वांत मोठं काम म्हणजे फॉर्म खरा भरणं. आपण रेझ्युमेत 'टीम प्लेअर' ठोकून देतो, फार तर इंटरव्ह्यूत फजिती होते. इथे 'एकदाच भाच्यावर गुरगुरला होता' हे लपवलं, तर त्याची किंमत एखाद्या लेकराच्या चेहऱ्याला मोजावी लागेल. नकोसा झालेला कुत्रा खपवायची ही जागा नव्हे. आणि नापास झाला तर तो कुठे जाणार, पहिला मालक परत घेणार की दुसरं घर शोधणार, हे देण्याआधीच लेखी ठरवून घ्यावं.

कुत्र्याची बाजूही आहे. एक घर सुटलं, मग ट्रेनर, मग तिसरं घर. त्याला कुणी विचारत नाही. ग्वेल्फ विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ साली अशा कुत्र्यांचा अभ्यास केला, तेव्हा विश्रांती आणि खेळ कमी पडणं, मुलांकडून नकळत दुखापत होणं या अडचणी पुढे आल्या. हार्नेस उतरला की त्याला नुसतं कुत्रा राहू द्यायला हवं. ड्यूटी संपल्यावर आपल्यालाही कट्टा लागतोच की!

आपल्यातले कित्येक जण एमएसला बाहेर जातील. तिथे जॅकेट घातलेला कुत्रा दिसला तर शिट्टी मारू नका, गोंजारू नका. तो ड्यूटीवर आहे आणि त्याच्या पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला एक मूल असेल. आणि पुढेमागे स्वतः पिल्लू आणलंत, तर पहिले काही आठवडे त्याला जग दाखवा. ते नोकरीला लागो न लागो, ज्या घरात राहील तिथे सुखाने राहील.