जुना ट्रॅक्टर विकवत नाही, नवा परवडत नाही

गळीत हंगाम सुरू झाला की जिल्ह्यातील कारखान्यांच्या गाडीतळावर ट्रॅक्टरचे प्रदर्शनच भरते. प्रवरानगर असो, सोनई असो की भेंडे. उसाच्या दुहेरी ट्रॉल्यांच्या रांगेत कालपरवा वितरकाच्या दारातून बाहेर पडलेला, सीटवरचे प्लास्टिकही न काढलेला ट्रॅक्टर उभा असतो. त्याच्या मागे रंग उडालेला, धुराड्यावर पत्र्याचा डबा उपडा घातलेला एखादा एचएमटी किंवा जुना महिंद्र असतो. काहींवर 'एमएच १६' आणि 'एमएच १७' या मालिका सुरू होण्यापूर्वीचे तीन अक्षरी क्रमांक अजून दिसतात. वजनकाट्यावर नंबर लागेपर्यंत चालकांच्या गप्पा रंगतात आणि त्या हमखास एकाच प्रश्नावर येतात : जुना बरा की नवा?

प्रश्न गप्पांचा वाटला तरी त्यात सात-आठ लाख रुपयांचा व्यवहार आणि अनेकदा सातबाऱ्यावरचा बोजा गुंतलेला असतो. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचा अहमदनगर, हा क्षेत्रफळाने राज्यातील सर्वांत मोठा जिल्हा. अकोल्यात भातखाचरे, राहाता-कोपरगाव-श्रीरामपूर पट्ट्यात कालव्याचा ऊस, पारनेर-नगरकडे कांदा, कर्जत-जामखेड आणि पाथर्डीकडे कोरडवाहू ज्वारी-तूर असे येथील शेतीचे अनेक चेहरे आहेत. त्यामुळे एकाच ट्रॅक्टरबद्दल दोन तालुक्यांत दोन मते ऐकू येतात आणि दोन्ही आपापल्या जागी खरी असतात.

'जुन्यात लोखंड आहे'

जुन्या ट्रॅक्टरची बाजू घेणारा शेतकरी बहुधा याच वाक्याने सुरुवात करतो. त्याला भावनेची झालर आहे हे खरे. पण वाक्य निराधार नाही. ट्रॅक्टरची ओढण्याची ताकद केवळ इंजिनच्या अश्वशक्तीवर ठरत नाही. मागील चाकांवर किती वजन पडते आणि ती जमीन किती घट्ट धरतात, यावरही ती अवलंबून असते. नेवासे-शेवगावच्या भारी काळ्या रानात उन्हाळी नांगरट करताना हलका ट्रॅक्टर जागेवर चाके फिरवतो, डिझेल जळते आणि तास मात्र पुढे सरकत नाही. म्हणून तर चाकांना बिडाची वजने बसवतात, टायरमध्ये पाणी भरतात. जुन्या बांधणीच्या ट्रॅक्टरला हे वजन जन्मजातच असे. मात्र तेच वजन ओल्या काळ्या जमिनीत उलटते. वापसा नसताना जड यंत्र रानात घातले की खालचा थर दाबला जातो आणि पुढे पाणी मुरत नाही. ही दुसरी बाजू पारावर फारशी निघत नाही.

जिल्ह्यात आज जे 'जुने' म्हणून ओळखले जातात ते मुख्यतः साठ ते नव्वदच्या दशकांतील. महिंद्र कंपनीने अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टरशी १९६३ मध्ये भागीदारी केली आणि 'बी-२७५' हा ट्रॅक्टर घरोघरी पोचला. चेकोस्लोव्हाकियाच्या झेटॉरच्या धर्तीवर सरकारी एचएमटीने १९७१ पासून पिंजोरला ट्रॅक्टर बांधले. दुर्गापूरच्या सरकारी संशोधन संस्थेच्या आराखड्यावर पंजाबात १९७४ मध्ये 'स्वराज' निघाला. मॅसी फर्ग्युसन, फोर्ड, हवेवर थंड होणारा आणि म्हणून रेडिएटरची कटकट नसलेला एका सिलिंडरचा आयशर यांचीही नावे अजून आदराने घेतली जातात. हरितक्रांतीच्या त्या काळात केंद्रात कृषी खात्याची धुरा सांभाळणाऱ्यांत याच जिल्ह्याचे अण्णासाहेब शिंदे होते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठातील कृषी अभियांत्रिकी महाविद्यालय आज त्यांच्या नावाने ओळखले जाते.

तेव्हा ट्रॅक्टर हीच नवी वस्तू होती आणि जुने म्हणजे बैल. ट्रॅक्टरने जमीन कडक होते, शेणखत मिळत नाही, लोखंड काही वासराला जन्म देत नाही, असे आक्षेप त्या वेळच्या जाणत्यांनी घेतले होते. आज त्यांचीच नातवंडे नव्या ट्रॅक्टरविषयी जवळजवळ त्याच सुरात बोलतात, ही गंमत नोंदवण्याजोगी आहे.

पाना चालतो तोवर

जुन्यावरील विश्वासाचे खरे मूळ शेतात नाही, ते गॅरेजमध्ये आहे. जुन्या इंजिनात डिझेल पंप यांत्रिक, नोझल साधे, विजेचे काम दिवे आणि स्टार्टरपुरते. धूर काळा निघतो की पांढरा, आवाज कुठून येतो, तेल किती खाते, यावरून राहुरी किंवा श्रीरामपूरच्या रस्त्यालगतचा अनुभवी मिस्त्री दोष सांगतो. बोअर-पिस्टन, रिंगा, क्लच प्लेट हे सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळतात. एचएमटीचा ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१६ मध्ये घेतला. तरीही ते ट्रॅक्टर चालू आहेत ते याच बळावर. पेरणीचा वापसा चार-सहा दिवसांचा असतो. त्यात यंत्र दोन दिवस बंद पडले तर नुकसान दुरुस्तीच्या बिलात मावत नाही. त्यामुळे 'किती वेळा बिघडतो' यापेक्षा 'बिघडला तर कोण आणि कधी नीट करणार' हा हिशेब शेतकऱ्याच्या डोक्यात आधी असतो.

नव्या ट्रॅक्टरमध्ये 'कॉम्प्युटर' असतो, ही भीती याच हिशेबातून आली आहे. ती अर्धी खरी आहे. धुराच्या प्रदूषणाचे 'ट्रेम-४' हे कडक निकष देशात १ जानेवारी २०२३ पासून लागू झाले. पण ते ५० अश्वशक्तीहून मोठ्या ट्रॅक्टरनाच. ते पाळण्यासाठी या मोठ्या ट्रॅक्टरमध्ये 'कॉमन रेल' पद्धत आली. तीत डिझेल एका समाईक नळीत हवेच्या दाबाच्या हजारपटीहून अधिक दाबाने साठवले जाते आणि ते सिलिंडरमध्ये केव्हा व किती सोडायचे हे संगणकीय नियंत्रक ठरवतो. धूर कमी होतो, डिझेल काटकसरीने जळते. परंतु इतक्या दाबावर चालणाऱ्या नोझलला पाणी किंवा कचरा मिसळलेले डिझेल सोसत नाही. बॅरलमधून फडक्याने गाळून डिझेल ओतण्याची आपली सवय येथे महागात पडते. शिवाय बिघाड झाला की पडद्यावर सांकेतिक क्रमांक उमटतो आणि त्याचा अर्थ लावायला कंपनीचा माणूस आपले उपकरण घेऊन यावा लागतो.

तथापि, देशात विकल्या जाणाऱ्या ट्रॅक्टरपैकी बहुसंख्य ५० अश्वशक्तीच्या आतले आहेत. त्यांच्यापैकी पुष्कळांचे इंजिन अद्याप यांत्रिक पंपाचेच आहे. म्हणजे ४० किंवा ४५ अश्वशक्तीचा नवा ट्रॅक्टर घेणारा शेतकरी ज्या कॉम्प्युटरला घाबरतो, तो त्याच्या ट्रॅक्टरमध्ये बहुतेक वेळा नसतोच. खरेदीपूर्वी वितरकाला इतके विचारले तरी पुरे. छोट्या ट्रॅक्टरना लागू होणारी पुढची पायरी एप्रिल २०२४ पासून ठरली होती, ती लांबणीवर टाकण्यात आली.

दुरुस्तीचा हा प्रश्न केवळ आपल्याकडचा नाही. अमेरिकेत शेतकऱ्यांनी 'आमचे यंत्र आम्हाला दुरुस्त करू द्या' अशी मागणी लावून धरली. कोलोरॅडो राज्याने २०२३ मध्ये तसा कायदा केला, तर जानेवारी २०२५ मध्ये तेथील संघीय व्यापार आयोगाने याच मुद्द्यावर जॉन डिअर कंपनीला न्यायालयात खेचले. तेथेही कॉम्प्युटर नसलेल्या जुन्या ट्रॅक्टरना लिलावात चढे भाव मिळाल्याच्या बातम्या २०२० च्या सुमारास येत होत्या. आपल्या केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानेही जुलै २०२२ मध्ये 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर समिती नेमली. तिच्या कक्षेत शेती अवजारे आहेत. पुणे-नगर रस्त्याने जाताना सणसवाडीला त्याच अमेरिकी कंपनीचा कारखाना लागतो, तेव्हा हा वाद वाटतो तितका दूरचा नाही.

नव्याचे गुण

इतके ऐकल्यावर जुनाच बरा असे वाटेल; पण दिवसभर जुन्या ट्रॅक्टरवर बसून पाहावे. स्टिअरिंग ओढून खांदे भरून येतात. नव्यात पॉवर स्टिअरिंग आहे, तेलात बुडालेले ब्रेक आहेत, गिअरची संख्या जास्त आहे. हायड्रॉलिक अधिक वजन उचलते, म्हणून पलटी नांगरासारखे जड अवजार जोडता येते. हल्ली चालक मिळणे कठीण झाले आहे, आणि जो मिळतो तो जुन्यावर बसायला कुरकुरतो.

रोटाव्हेटरचे उदाहरण घेतले तर फरक स्पष्ट होतो. अनेक जुन्या ट्रॅक्टरना एकच क्लच असे. तो दाबला की चाकेही थांबत आणि मागचा पीटीओ शाफ्टही. रोटाव्हेटरमध्ये पाचट अडकले किंवा मळणी यंत्राचे तोंड दाटले, तर ट्रॅक्टर थांबवून अवजार फिरते ठेवता येत नसे. दुहेरी क्लचमुळे हे शक्य झाले. कांद्याचे रान भुसभुशीत करायचे तर चाकांची गती अगदी मंद आणि पात्यांची गती जास्त हवी; कमी गतीचे गिअर असल्याशिवाय हे साधत नाही. फळबागांनी तर प्रश्नच निराळा केला आहे. राहाता-संगमनेरकडील डाळिंबाच्या दोन ओळींतून जुना अवजड ट्रॅक्टर नेला तर फांद्या मोडतात. तेथे अरुंद छोटा ट्रॅक्टरच लागतो आणि तो जुन्या बाजारात सहजासहजी सापडत नाही.

सुरक्षिततेचा मुद्दा मात्र गप्पांत येतच नाही, आणि खरे तर तो सर्वांत आधी यायला हवा. झिजलेल्या ब्रेकचा जुना ट्रॅक्टर, मागे दोन भरलेल्या ट्रॉल्या, मागचा दिवा नाही, परावर्तक नाही आणि रात्रीचा नगर-मनमाड रस्ता. हंगामात या रस्त्याने दुचाकीवरून जाणाऱ्यास अधिक सांगायला नको. ट्रॅक्टर जुना असल्याचे दुखणे एक वेळ समजून घेता येते. पण शंभर-दोनशे रुपयांची लाल परावर्तक पट्टी न लावण्याचे समर्थन कशाने होणार?

हप्त्याचे गणित

शेवटी निर्णय होतो तो पैशावर. ट्रॅक्टरसाठी कर्ज देताना सुमारे आठ एकर बागायत जमीन असावी, असा बँकांचा जुना दंडक होता. राज्यात २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार सरासरी जमीनधारणा १.३४ हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकरांच्या आसपास आहे. एवढ्या रानात स्वतःच्या कामाला ट्रॅक्टर वर्षातून फार तर काही दिवस चालणार. उरलेल्या दिवसांत तो भाड्याने चालला तरच हप्ता निघतो. आठ लाखांच्या ट्रॅक्टरला सहा लाखांचे कर्ज दहा टक्क्यांनी घेतले, तर पहिल्या वर्षी नुसते व्याजच ६० हजारांच्या जवळ जाते, मुद्दल वेगळे. गावात आधीच दहा-पंधरा ट्रॅक्टर असतील तर एकरी दर पडतात आणि उधारी वाढते. जुन्याचा हप्ता केव्हाच फिटलेला असतो, त्यामुळे त्याचा मालक कमी दरातही काम घेऊ शकतो. नवा ट्रॅक्टर घेतलेल्या तरुणाची खरी स्पर्धा या हप्तामुक्त जुन्याशी असते आणि पहिली तीन-चार वर्षे तो त्यात मागेच राहतो.

सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रॅक्टरवरील जीएसटी १२ वरून पाच टक्क्यांवर आला. करापूर्वी सात लाख किंमत असलेल्या ट्रॅक्टरवरचा कर त्यामुळे ८४ हजारांवरून ३५ हजारांवर उतरला. टायर आणि सुट्या भागांवरचा करही १८ वरून पाच टक्के झाल्याने जुन्या ट्रॅक्टरवाल्यांनाही त्यातून काही मिळाले. शासनाचे यांत्रिकीकरणाचे अनुदान मात्र फक्त नव्या यंत्राला आहे. महाडीबीटी संकेतस्थळावरील योजनेत ट्रॅक्टरसाठी अल्पभूधारक, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांना कमाल सव्वा लाख, तर इतरांना एक लाख रुपये अशी मर्यादा अनेक वर्षे राहिली. अनुदान मिळते म्हणून ट्रॅक्टर घेणे आणि ट्रॅक्टर लागतो म्हणून अनुदान घेणे, यांत फरक आहे. तो न केल्याने अडचणीत आलेली कुटुंबे या जिल्ह्यात कमी नाहीत.

ऊसतोडणी यंत्राच्या बाबतीत हे आकडे आणखी मोठे होतात. त्याची किंमत कोटीच्या घरात जाते. शासनाने २०२३ मध्ये त्यासाठी ४० टक्के किंवा कमाल ३५ लाख रुपये अनुदानाची योजना आणली. पण यंत्र चालायचे तर उसाच्या सऱ्या चार-पाच फूट रुंद आणि लांब हव्यात. तुकड्या-तुकड्यांच्या रानात ते वळवण्यातच वेळ जातो. शिवाय पाथर्डी-शेवगावकडील हजारो कुटुंबांचे सहा महिन्यांचे पोट कोयत्यावर आहे. त्या तालुक्यांत या यंत्राकडे कौतुकाने पाहिले जाईल, अशी अपेक्षा कोणी करू नये.

अफवा आणि कागदपत्रे

जुना ट्रॅक्टर दहा वर्षांनी मोडीत काढावा लागणार, अशी अफवा मोबाइलवरून अधूनमधून फिरते आणि तिच्या धास्तीने काहीजण चालू ट्रॅक्टर पडेल भावाने विकून टाकतात. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये याचा स्पष्ट इन्कार केला आहे. शेतीचा ट्रॅक्टर हे बिगर-परिवहन वाहन असून त्याची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते आणि त्यानंतर ती एका वेळी पाच वर्षांसाठी वाढवता येते. सरकारी मालकीच्या वाहनांचा नियम वेगळा आहे. शेतकऱ्याचा त्याच्याशी संबंध नाही.

जुना ट्रॅक्टर विकत घेणाऱ्याने इंजिनाचा आवाज ऐकण्याआधी कागद पाहावेत. नोंदणी पुस्तकावर बँकेचा किंवा वित्तकंपनीचा बोजा असेल, तर कर्ज फिटल्याचा दाखला आणि नमुना ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. नाव बदलण्यासाठी नमुना २९ व ३० लागतात. ट्रॅक्टर राहुरीचा असला तर नोंदणी श्रीरामपूरच्या परिवहन कार्यालयात आणि पारनेरचा असला तर नगरला सापडते. इंजिन व चासी क्रमांक पुस्तकाशी ताडून घ्यावेत. नुसत्या स्टँपपेपरवर व्यवहार करून वर्षानुवर्षे पहिल्या मालकाच्याच नावावर ट्रॅक्टर चालवण्याची पद्धत आपल्याकडे रुळलेली आहे. अपघात झाला की विमा कंपनी पहिला प्रश्न नावाचाच विचारते, आणि मग विकणारा व घेणारा दोघेही न्यायाधिकरणाच्या पायऱ्या चढतात.