सोलापूरची 'वोरोनोको' आणि नगरच्या मिस फरार

सोलापुरात अमेरिकन मराठी मिशनने चालविलेल्या मुलींच्या शाळेचे नाव 'वोरोनोको' असे होते. हा शब्द इंग्रजीही नाही आणि बायबलमधीलही नाही. अमेरिकेतील मॅसेच्युसेट्स प्रांतातल्या मूळ रहिवाशांनी आपल्या भूमीला दिलेले ते नाव आहे. पुढे तेथे वेस्टफील्ड हे गाव वसले. सतराव्या शतकात काही काळ हे गाव त्या वसाहतीचे पश्चिमेकडील शेवटचे ठाणे होते. ज्यांची जमीन गेली, त्यांच्या बोलीतला हा शब्द समुद्र ओलांडून सोलापूरच्या मुलींच्या तोंडी बसला, हा इतिहासाचा विलक्षण योगायोगच म्हणावा लागेल.

ही शाळा ज्या मिशनची, त्याची मातृसंस्था 'अमेरिकन बोर्ड' १८१० मध्ये स्थापन झाली. तिचे कार्यालय बोस्टनमध्ये होते. या कार्यालयातून एकीकडे मुंबई-अहमदनगरला आणि दुसरीकडे अमेरिकेच्याच पश्चिम सीमेवरील आदिवासी मुलुखात शिक्षक-धर्मोपदेशक पाठविले जात. बोस्टनच्या दृष्टीने दोन्ही प्रदेश सारखेच 'परके' होते. तेथे गेलेल्या दोन स्त्रियांची आयुष्ये शेजारी ठेवून पाहिली, की या कामाचा खरा अर्थ ध्यानात येतो.

त्यांपैकी पहिली सिंथिया फरार. १७९५ मध्ये न्यू हॅम्पशायरमधील मार्लबरो या गावी जन्मलेली ही शिक्षिका १८२७ मध्ये बोस्टनहून निघाली आणि त्या वर्षाच्या अखेरीस मुंबईस पोहोचली. तेव्हा तिचे वय बत्तीस होते आणि ती अविवाहित होती. अमेरिकन बोर्डाने सातासमुद्रापार पाठविलेल्या सुरुवातीच्या मोजक्या अविवाहित स्त्रियांपैकी ती एक. तोवर स्त्रीने जायचे ते मिशनऱ्याची पत्नी म्हणूनच, अशी रीत होती. मुंबईत मिशनने मुलींसाठी पहिली शाळा १८२४ मध्येच काढली होती. मिस फरार यांच्याकडे अशा शाळांची देखरेख आली आणि १८२९ पर्यंत मुलींची संख्या चारशेच्या वर गेली. शाळांतून शिकविणारे पंतोजी बहुधा हिंदू किंवा बेने इस्रायली असत. मिस फरार यांनी मराठी शिकून घेतली. शाळाशाळांतून फिरणे, मुलींचे वाचन तपासणे, शिवणकाम शिकविणे हा त्यांचा दिनक्रम झाला. मुलगी वाचू लागली तर विधवा होते, असे मानणाऱ्या घरांतून मुली आणणे हे काम किती चिवटपणाचे असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

प्रकृती ढासळल्याने १८३७ मध्ये त्या मायदेशी परतल्या. तेथेच राहिल्या असत्या तरी कोणी दोष दिला नसता. मात्र १८३९ मध्ये त्या पुन्हा आल्या, या वेळी अहमदनगरला.

दुसरी स्त्री नार्सिसा प्रेंटिस. तिनेही शिक्षिका-धर्मप्रसारक होण्यासाठी बोर्डाकडे अर्ज केला. पण अमेरिकेतील आदिवासींमध्ये अविवाहित स्त्रियांना पाठविण्यास बोर्ड राजी नव्हते. अखेर मार्कस व्हिटमन या डॉक्टर मिशनऱ्याशी विवाह करूनच तिला १८३६ मध्ये ओरेगॉनकडे जाता आले. मुंबईला एकटीने जाण्यास हरकत नाही, स्वदेशाच्या सीमेवर मात्र हरकत! एलायझा स्पॉल्डिंग या सहकारी महिलेसह तिने रॉकी पर्वत ओलांडला. तसे करणाऱ्या या दोघी पहिल्या गोऱ्या अमेरिकन स्त्रिया होत. वायिलात्पू येथे कायूस जमातीच्या भूमीवर व्हिटमन दांपत्याचे ठाणे उभे राहिले. नार्सिसाची एकुलती मुलगी १८३९ मध्ये, जेमतेम दोन वर्षांची असताना, नदीत बुडाली. पुढे पश्चिमेकडे निघालेल्या वसाहतवाल्यांच्या गाड्यांचे तांडे याच ठाण्यावरून जाऊ लागले. कायूसांना शाळेच्या मागोमाग येणारी ही गर्दी दिसत होती. १८४७ मध्ये गोवराची साथ आली, जमातीतील माणसे पटापट मेली, गोरी मुले मात्र बरी होत होती. डॉक्टर विष घालतो, असा संशय बळावला. २९ नोव्हेंबर १८४७ रोजी व्हिटमन पती-पत्नी व त्यांच्या ठाण्यावरील अनेकजण मारले गेले. त्यापायी युद्ध पेटले आणि १८५० मध्ये पाच कायूसांना फाशी झाली.

नार्सिसाच्या मृत्यूनंतर वर्षभराच्या आतच, १८४८ मध्ये, पुण्याच्या भिडे वाड्यात जोतीराव फुले यांनी मुलींची शाळा सुरू केली. त्यापूर्वी मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्यासमवेत त्यांनी अहमदनगरला मिस फरार यांची शाळा पाहिली होती. ती पाहूनच आपल्याला प्रेरणा मिळाली, असे जोतीरावांनी स्वतःच पुढे सांगितल्याची नोंद 'ज्ञानोदय'मध्ये १८५३ साली आली आहे. सावित्रीबाईंनीही अध्यापनाचे धडे मिस फरार यांच्याकडे घेतले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात.

दोघींच्या श्रद्धेत वा तळमळीत फारसा फरक नव्हता. फरक होता तो शाळेमागून काय येत होते याचा. ओरेगॉनमध्ये शेतकऱ्यांचे तांडे आले आणि जमीन गेली. इथेही परकी सत्ता होतीच, पण शाळेमागून वसाहतवाल्यांचे तांडे आले नाहीत. शिवाय मिशनऱ्यांची अक्षरे घेऊन त्यांचा धर्म न स्वीकारणारी, स्वतःच्या शाळा काढणारी माणसे इथे उभी राहिली. हे श्रेय फुले दांपत्याचे. मिस फरार यांना ते अपेक्षित होते का, हा प्रश्न वेगळा.

सोलापूरलाही या कामाच्या दोन्ही बाजू दिसल्या. विसाव्या शतकाच्या प्रारंभी मेरी हार्डिंग यांनी येथे बालवाडी चालविली. फ्रोबेलची पद्धत सोलापूरच्या लहान मुलांपर्यंत त्यामुळे पोहोचली. दुसरीकडे, 'गुन्हेगार जमाती' असा शिक्का मारून तारेच्या कुंपणात डांबलेल्या माणसांच्या सोलापुरातील सेटलमेंटचा कारभारही ब्रिटिश सरकारने काही काळ याच मिशनकडे सोपविला होता. तेथेही शाळा होती. पण कुंपणाच्या आत, हजेरी देऊन. तो कायदा रद्द होऊन या जमाती विमुक्त झाल्या त्या ३१ ऑगस्ट १९५२ रोजी.

मिस फरार यांना मायदेश पुन्हा दिसला नाही. १८६२ मध्ये अहमदनगर येथेच त्यांचे निधन झाले. मुंबईत पाऊल ठेवल्याला तेव्हा चौतीस वर्षे झाली होती.