खेळ, पोट आणि इमान

हुतूतू तुम्हांला ठाऊक आहे. कुस्ती ठाऊक आहे. बुद्धिबळाचा पटही पाहिला असेल. पण पडद्यावरचा खेळ खेळणाऱ्याला दरमहा पगार मिळतो, हे ऐकले आहे का? "काहीतरीच काय सांगता, गुरुजी!" असे तुम्ही म्हणाल. पण हे खरे आहे. दक्षिण कोरिया देशात अशा खेळाच्या संघांचे सामने चौदा वर्षे चालले. हल्ली घरोघरी पोरे मोबाइलवर खेळत बसतात. म्हणून ही हकिकत आईबापांनी वाचावी असे आम्हांला वाटते.

आधी खेळ समजून घेऊ. त्याचे नाव स्टारक्राफ्ट. अमेरिकेतील ब्लिझर्ड कंपनीने तो १९९८ साली काढला. संगणकाच्या पडद्यावर जमिनीचा एक तुकडा दिसतो. खेळाडूपाशी सुरुवातीला थोडे मजूर असतात. ते खाणीतून माल काढतात. त्या मालावर घरे बांधायची, सैन्य उभे करायचे आणि शत्रूचा तळ मोडायचा. बुद्धिबळात आधी एकाची खेळी, मग दुसऱ्याची. इथे तसे नाही. दोघांचे हात एकाच वेळी चालतात. शिवाय शत्रू काय करतो ते दिसत नाही. हेर पाठवून बघावे लागते. म्हणून याला डावपेचांचा खेळ म्हणतात.

आता हा खेळ कोरियात इतका का वाढला? १९९७ साली त्या देशावर मोठे आर्थिक संकट आले. लाखो लोकांच्या नोकऱ्या गेल्या. त्यांतल्या काहींनी संगणकांची दुकाने थाटली. तासाला थोडे पैसे द्यायचे आणि बसून खेळायचे. या दुकानांना तिकडे 'पीसी बांग' म्हणतात. बांग म्हणजे खोली. तरुणांची तिथे गर्दी होऊ लागली. मग चुरशीचे सामने दूरदर्शन वाहिनीवर दिसू लागले. २००० साली या खेळांचा कारभार पाहणारी एक संघटना स्थापन झाली.

आधीचे मोठे सामने एकेकट्याचे असत. २००३ साली संघांचे सामने सुरू झाले. त्या स्पर्धेचे नाव प्रोलीग. बहुतेक डाव एकास एक असेच होत. पण जिंकला तर गुण संघाचा. पाच डावांची लढत असली, तर आधी तीन डाव मारील तो संघ विजयी.

हळूहळू एस के टेलिकॉम, के टी, सॅमसंग अशा बड्या कंपन्यांनी संघ बाळगले. खेळाडू एकाच घरात राहत. तालमीत पैलवान राहतात ना, अगदी तसेच. वर वस्ताद असे. रोज दहा-दहा तास सराव चाले. नाव कमावलेल्याला चांगला पगार मिळे. नवशिक्याला मात्र फार थोडा, किंवा काहीच नाही.

२००४ साली बुसान शहरात समुद्राच्या वाळूवर अंतिम सामना झाला. बघायला एक लाख माणूस लोटला, असे आयोजकांनी सांगितले. त्या देशात तरुणांना सैन्यात नोकरी करावीच लागते. तेवढ्या काळात खेळाडूचा हात मोडू नये, म्हणून २००७ साली हवाई दलानेही आपला संघ काढला. बघा, खेळाला केवढा मान आला!

मग घात कुठे झाला? पैजा लावणाऱ्यांनी काही खेळाडूंना पैसे चारले. खेळाडू मुद्दाम हरू लागले. २०१० साली हे उघडकीस आले. अकरा जणांना जन्मभर खेळायची बंदी झाली. त्यांत एक मोठा नावाजलेला विजेताही होता. कोर्टात खटले चालले, शिक्षा झाल्या. घाव इथेच बसला. डाव खरा आहे की विकलेला, असा संशय एकदा शिरला, की बघणाऱ्याचे मन उडते.

दुसरीही कारणे होती. २०११ साली काही संघ मोडले. २०१२ साली एक वाहिनी बंद झाली. जुना खेळ सोडून त्याचा दुसरा भाग आणला, पण तो तितका रुजला नाही. पोरे दुसऱ्या नव्या खेळाकडे वळली. २०१५ आणि २०१६ साली पुन्हा लाचखोरी पकडली गेली. अखेर १८ ऑक्टोबर २०१६ रोजी प्रोलीग बंद झाल्याचे जाहीर झाले. संघ कमी झाले, पैसा देणारे मिळेनात आणि डाव विकले गेले, हीच कारणे संघटनेने सांगितली. सातांपैकी पाच संघ मोडले.

संघ मोडले तेव्हा खेळाडूंचे काय? बरेच जण विशीतलेच होते. ज्या वयात इतरांचे शिक्षण पुरे होते, त्या वयात त्यांचा धंदा संपला.

यातून काय घ्यावे? खेळ वाईट, असे आम्ही म्हणत नाही. डोके आणि हात दोन्ही लागतात त्याला. पण उद्या तुमचा मुलगा म्हणाला, "बाबा, मी यावरच पोट भरीन," तर त्याला मारू नका आणि लगेच होही म्हणू नका. तीन गोष्टी विचारा. पैसे कोण देणार? नियम कोण पाळून घेणार? आणि खेळ थांबला तर हाताशी दुसरे काय आहे? हुतूतूचा मालक कोणी नाही. तो कोणी बंद करू शकत नाही. पडद्यावरच्या खेळाला मात्र मालक असतो.

आणि पैज लावणारा दारात आला, तर त्याला उभे करू नका. चौदा वर्षांचा डोलारा होता. त्याला पहिली कीड तिथूनच लागली.