न दिसणाऱ्यांची शिरगणती

वैशाख सरत आला की दिग्रसजवळच्या अरुणावती धरणाचं पाणी काठ सोडून आत आत सरकतं. पावसाळ्यात जिथे डोंगा चालत होता, तिथे भेगाळलेली जमीन उघडी पडते. अशा दिवसांत टाकलेलं जाळं भरून येतं आणि बघणाऱ्याला वाटतं, यंदा मासे उदंड झाले. खरं तर मासे वाढलेले नसतात, पाणी आटलेलं असतं. उरलेल्या डोहात सगळे दाटीवाटीने गोळा झालेले असतात, एवढंच.

मग धरणात मासे आहेत तरी किती? टिपेश्वरच्या जंगलात वाघ मोजायला कॅमेरे लावता येतात, कारण प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात. गढूळ पाण्याखालचा रोहू कोणी कसा ओळखावा?

उत्तर थक्क करणारं आहे, आणि ते कापूस पिकवणाऱ्या यवतमाळात सरकीच्या पोत्यावरही करून बघता येतं. पोत्यातल्या शंभर सरक्या काढून रंगवा, परत टाका, पोतं नीट हलवा. आता पन्नास सरक्यांची मूठ काढा. तीत रंगवलेल्या दोन निघाल्या, म्हणजे पंचविसात एक. रंगवलेल्या एकूण शंभर, म्हणून पोत्यात अंदाजे अडीच हजार. पोतं रिकामं न करता आतला आकडा हाती आला!

डेन्मार्कचे जीवशास्त्रज्ञ योहानेस पेटरसन यांनी १८९० च्या दशकात प्लेस नावाच्या चपट्या माशांना खुणा करून पाण्यात सोडलं. खुणेचे मासे पुन्हा किती सापडतात, यावरून न दिसणाऱ्या माशांचा अंदाज बांधण्याची वाट तिथून रुळली. अटी मात्र कडक आहेत: खूण गळून पडता कामा नये, मासा त्या जखमेने मरता कामा नये आणि सोडलेले मासे बाकीच्यांत पुरते मिसळायला हवेत.

किती आहेत हे कळलं, तरी ते केवढ्या वयाचे हा प्रश्न उरतो. त्याचं उत्तर माशानेच लिहून ठेवलेलं असतं. त्याच्या डोक्यात, कानाच्या पोकळीत, चुन्याचे बारीक खडे असतात. झाडाच्या खोडात वर्तुळं पडावीत तसे त्यांत थर चढतात. भरपूर खाणं मिळालं की थर रुंद, उपासमारीत अरुंद. १९७१ मध्ये संशोधक ज्योर्जियो पानेला यांनी दाखवलं की या खड्यांत दिवसादिवसाचे थरही वाचता येतात. मसुरीएवढ्या खड्यात एका जिवाची रोजनिशी!

एवढा खटाटोप कशासाठी, हे कॅनडाच्या न्यूफाउंडलंड किनाऱ्याने जगाला शिकवलं. तिथे कॉड मासे कमी होत होते, तरी मोठ्या बोटींची जाळी भरतच होती. मासे जिथे गोळा होत, तिथेच बोटी पोहोचत होत्या. आटत्या धरणातलाच हा भास, फक्त समुद्राएवढा. अखेर जुलै १९९२ मध्ये कॉडची मासेमारी बंद करावी लागली आणि सुमारे ३०,००० लोकांचा रोजगार गेला.

म्हणून संशोधनासाठीचं जाळं वेगळ्या शिस्तीने टाकतात. तेच जाळं, त्याच जागा, तेवढेच तास, दरवर्षी त्याच महिन्यात. मासे मिळोत वा न मिळोत. भरलेल्या जाळ्याइतकंच रिकामं जाळंही इथे मोलाचं असतं, कारण तेही नोंदवहीत उतरतं.

या नोंदींवर धरणाचं व्यवस्थापन उभं राहतं. वीतभर मासेच येऊ लागले, तर जाळ्याची आस, म्हणजे त्याचं भोक, मोठी करायची. लहानगे निसटून जातील आणि वाढतील. मासे भरपूर पण किडकिडीत असतील, तर पुढच्या वर्षी बोटुकली कमी सोडायची. बोटुकली म्हणजे बोटाएवढी पिल्लं. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या आणि मृगळ तळाशी, त्यामुळे कोणाची किती सोडायची हेही ठरवता येतं. हे मासे पुराच्या वाहत्या पाण्यात अंडी घालतात, साचलेल्या पाण्यात घालत नाहीत. १० जुलै १९५७ रोजी मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधरी यांनी संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन त्यांचं प्रजनन साधलं, आणि मत्स्यबीजासाठी नदीच्या पुराकडे डोळे लावून बसण्याची गरज संपत गेली.

या शास्त्राला आपल्या मातीचा जुना आधार आहे. ब्रिटिश अधिकारी कर्नल साइक्स यांनी भीमेच्या खोऱ्यात फिरून दख्खनचे मासे नोंदवले, तेव्हा कित्येक स्थानिक नावंच लॅटिनमध्ये बसवली. शिंगाळ्याच्या शास्त्रीय नावात १८३९ पासून ‘सींघाला’च आहे. मासा ओळखणारा आधी नदीकाठचा माणूस होता, विद्वानाने त्याचं ऐकून लिहून घेतलं.

आजही तसंच आहे. खुणेचा मासा सोडतो संशोधक, पण तो पुन्हा सापडण्याची शक्यता सर्वांत जास्त असते ती पहाटे डोंगा घेऊन निघालेल्या भोई-ढिवराच्या जाळ्यात. त्याने ती खूण बघून कळवली, तरच गणित सुटतं. सरकीची ती दुसरी मूठ त्याच्याच हातात असते.