स्क्रब टायफस आणि हृदयाचे ठोके: गैरसमज आणि वस्तुस्थिती

टायफॉइड आणि स्क्रब टायफस यांच्यात नावापलीकडे फारसे साम्य नाही. टायफॉइड दूषित अन्नपाण्यातून होतो. स्क्रब टायफसचा जिवाणू, ओरिएन्शिया सुत्सुगामुशी, गवताझुडपांतल्या चिगर नावाच्या सूक्ष्म अळीच्या चाव्यातून शरीरात शिरतो. 2018च्या पावसाळ्यात नागपूर आणि परिसरात या आजाराची साथ आली होती. तो माणसाकडून माणसाला होत नाही.

हा नुसता तापाचा आजार आहे, हृदयाशी त्याचा काय संबंध, असे अनेकांना वाटते. पण हा जिवाणू रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरात वाढतो आणि रक्तवाहिन्या तर प्रत्येक अवयवात असतात. फुप्फुसे, मूत्रपिंडे, मेंदू यांच्याप्रमाणे हृदयाच्या स्नायूलाही सूज येऊ शकते. ठोक्यांचे विद्युत संदेश याच स्नायूतून वाहत असल्याने लय बिघडू शकते. बहुतेक रुग्णांत मात्र दिसते ती तापामुळे वाढलेली साधी, नियमित धडधड, आणि ताप उतरला की तीही उतरते. काहींच्या ईसीजीत संदेशवहन मंदावलेले आढळते. काहींमध्ये, विशेषतः वयस्कर रुग्णांत, एट्रियल फिब्रिलेशन म्हणजे ठोक्यांची पूर्ण अनियमितता सुरू होते.

सर्वांत फसवा समज नाडीविषयीचा आहे: ‘नाडी शांत आहे, म्हणजे आजार सौम्य आहे.’ एरवी ताप एक अंश सेल्सिअसने चढला की मिनिटाला साधारण 8 ते 10 ठोके वाढतात. स्क्रब टायफसच्या काही रुग्णांत ताप 39 अंशांवर असूनही नाडी शंभराच्या आतच राहते. ही सापेक्ष मंदगती टायफॉइड आणि डेंग्यूतही दिसते, त्यामुळे तिच्यावरून निदान होत नाही. पण धोका टळला, असेही तिच्यावरून म्हणता येत नाही. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर घेणाऱ्यांची नाडी त्या गोळीमुळेही मंद राहते.

एकदा काढलेला ईसीजी नॉर्मल आला की हृदय सुरक्षित, हाही अर्धवट समज. लय येत-जात बिघडू शकते. दम लागणे, छातीत दुखणे, रक्तदाब घसरणे, भोवळ येणे यांपैकी काही असेल तर पुन्हा ईसीजी, ट्रोपोनिनची रक्तचाचणी आणि इको करावे लागते.

औषधांबाबत दोन टोकाचे समज आहेत. या आजारावर दिले जाणारे अझिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक निरुपद्रवी आहे, हे एक. प्रत्यक्षात ते ईसीजीतील क्यूटी हा कालावधी लांबवू शकते. सोबत उलटीवरचे ऑन्डान्सेट्रॉन दिले असेल किंवा पोटॅशियम, मॅग्नेशियम कमी असेल, तर क्वचित घातक लयदोष उद्भवतो. दुसरे टोक म्हणजे ते औषधच टाळणे. गर्भवतींसाठी ते सहसा पसंतीचे औषध असते. शिवाय गंभीर रुग्णांना शिरेतून डॉक्सीसायक्लिन आणि अझिथ्रोमायसिन एकत्र देणे हे कोणतेही एकच देण्यापेक्षा सरस ठरल्याचे 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय चाचणीत दिसले. औषध बंद करण्यापेक्षा ईसीजी आणि क्षार तपासत राहणे शहाणपणाचे.

‘एकदा लय बिघडली की जन्माचे हृदयरोगी’ ही भीतीही बहुतेकांच्या बाबतीत खरी ठरत नाही. वेळेवर डॉक्सीसायक्लिन मिळाले तर ताप सहसा दोन-तीन दिवसांत उतरतो आणि लयही बहुधा सुधारते. उशीर होतो तो निदानाला. चाव्याच्या जागची काळी खपली सगळ्यांना येत नाही आणि आली तरी काखेत, जांघेत, स्तनांखाली लपते. पावसाळ्यानंतर पाच दिवसांहून अधिक ताप राहिला, तर या जागा डॉक्टरांना जरूर तपासायला सांगाव्यात.