जनुकांचा मेसेज आला? आधी खात्री, मग विश्वास

दरवर्षी २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीजवळ प्रदर्शन भरतं. तिथे एका ताईंनी मला मोबाईलवरचा मेसेज दाखवला: ‘सिकलसेल हा ठरावीक जातींच्या रक्तातला दोष. आईवडील वाहक असतील तर चारपैकी एकच मूल आजारी होतं.’ ताईंचं माहेर चंद्रपूरचं. पहिला मुलगा सिकलसेलचा रुग्ण. त्यांनी विचारलं, “म्हणजे आता पुढची मुलं निरोगीच ना?”

नाही, ताई. मेसेज अर्धवट आहे.

आईवडील दोघेही वाहक (एएस) असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण (एसएस) होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के आणि दोष नसण्याची २५ टक्के असते. मागच्या वेळी छापा पडला हे नाण्याला आठवत नाही. तसंच पहिलं मूल आजारी झालं म्हणून दुसऱ्याचा धोका कमी होत नाही.

आता ‘जातीचा दोष’. हेच जनुक आफ्रिकेत, अरबस्तानात, ग्रीसमध्येही सापडतं. वाहकाला गंभीर मलेरियापासून काही संरक्षण मिळतं, म्हणून मलेरियाच्या मुलखांत ते टिकलं. विदर्भात आदिवासी आणि बौद्ध घरांत रुग्ण जास्त दिसतात, हे खरं. पण जातीतल्या जातीत लग्नं होत राहिली की जनुकही तिथेच फिरत राहतं. त्यात कमीपणा कसला? जात म्हणजे वंश नव्हे, हे बाबासाहेबांनी १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात नाकाच्या मोजमापांचे आकडे तपासून मांडलं होतं. आपणही तपासूनच बोलावं.

मेसेज कसा तपासाल?

१. कोणी सांगितलं? डॉक्टरचं नुसतं नाव पुरत नाही. संस्था आणि तारीख पाहा.
२. दुसरीकडे तेच आहे का? आरोग्य विभाग, आयसीएमआर किंवा जागतिक आरोग्य संघटनेची माहिती पाहा. दहा ग्रुपवर आलेला एकच मेसेज म्हणजे दहा पुरावे नव्हेत.
३. काही विकतात का? ‘जनुक सुधारणारं’ चूर्ण विकणाऱ्यापासून दूर राहा.
४. स्वतःचं रक्त तपासा. सोल्युबिलिटी ही प्राथमिक चाचणी. ती पॉझिटिव्ह आली तर वाहक की रुग्ण, हे एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिसने पक्कं करा.

ताईंना मी सांगितलं, पुन्हा दिवस गेले की लगेच डॉक्टरांना कळवा. गर्भाची तपासणी मोठ्या रुग्णालयांत होते. तुमच्या घरीही लग्न ठरत असेल, तर पत्रिकेऐवजी दोघांचे रक्ताचे रिपोर्ट समोर ठेवा.