ओळीत लावलेला गुणाकार

कर्जतहून खोपोलीच्या गाडीत बसलं की पहिलंच स्टेशन पळसदरी. आषाढात इथल्या खाचरांत भाताची लावणी चालते आणि त्याच दिवसांत प्राथमिक वर्गांतून पाढ्यांचा घोष ऐकू येतो. या दोहोंची गाठ शाळा क्वचितच घालते. मला ही मोठी उणीव वाटते.

पाढा कानाने शिकायचा. मराठी मुलखाने तो पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, औटकीपर्यंत नेला आणि तोंडी हिशेबात तरबेज पिढ्या घडवल्या. ती परंपरा टिकलीच पाहिजे. पण सात आठे किती हे ऐन वेळी आठवलं नाही, तर नुसत्या पाठांतरावर वाढलेल्या मुलाची वाटच खुंटते. सात ओळींत आठ-आठ चिंचोके मांडलेलं मूल अडत नाही: पाच ओळींचे चाळीस, उरलेल्या दोन ओळींचे सोळा, झाले छप्पन्न. तेच चिंचोके बाजूने पाहिले की आठ ओळींत सात-सात दिसतात, संख्या बदलत नाही. 13 चिंचोक्यांची मात्र एका सरळ रांगेखेरीज दुसरी मांडणी होत नाही. मूळ संख्येची व्याख्या पुढे कधीतरी येईल, ओळख इथेच झाली.

तोडून गुणायची ही रीत आपल्याकडे जुनीच आहे. ‘लीलावती’त भास्कराचार्य 135 ला 12 ने गुणताना 12 चे 8 आणि 4 असे खंड पाडतात: 1080 आणि 540 मिळून 1620. या ग्रंथावर 1545 साली ‘बुद्धिविलासिनी’ टीका लिहिणारे गणेश दैवज्ञ मुरुडजवळच्या नांदगावचे, म्हणजे आपल्याच रायगडचे. तिकडे युक्लिडनेही गुणाकाराला दोन बाजू असलेली संख्या मानलं होतं. माँटेसोरींनी मण्यांचे चौरस मुलांच्या हाती दिले. ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीत काम सुरू केलं, तेव्हा महागड्या साधनांची जागा गावात मिळणाऱ्या वस्तूंनी घेतली. पळसदरीच्या शाळेला तेवढंच पुरे आहे, कारण साधन बांधापलीकडे उभं आहे.

डॉ. एन. के. सावंत यांच्या चारसूत्री भातलागवडीत दोरी धरून चूड लावतात: 15 सेंटिमीटर, मग 25, पुन्हा 15, पुन्हा 25. दोन्ही दिशांनी असंच. चार चुडांचा एक चौकोन होतो आणि त्याच्या मधोमध खताची एक गोळी खोचायची. चौकोन आणि त्यालगतची मोकळी जागा मिळून 40 सेंटिमीटर. म्हणजे दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद तुकड्यात एका ओळीला 25 चौकोन आणि अशा 25 ओळी. गोळ्या 625. चूड त्याच्या चौपट, 2500. आता चौकोन विसरून एकेक चूड मोजा: ओळीत 50, ओळी 50, पुन्हा 2500. बाजू दुप्पट झाली की संख्या चौपट होते, हे तिसरी-चौथीच्या मुलाला याहून चांगलं कुठे दिसेल? नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांच्या सगुणा राईस तंत्रात लोखंडी साच्याने 25 सेंटिमीटरवर भोकं पाडतात. तिथे चौरस मीटरला चार चोक सोळा.

मोठ्या संख्यांचे ठिपके काढत बसता येत नाहीत, हा आक्षेप खरा आहे. तिथे रिकामा आयत काढून त्याचे भाग पाडावेत. पुढे अपूर्णांक आणि बीजगणितही त्याच आयतात शिकवता येतं. अभ्यासक्रम संपवायच्या घाईत हे टाळलं जातं आणि त्याचा तोटा पुढची कितीतरी वर्षं होतो.

सर्वात जास्त तोटा कातकरी वाड्यांवरच्या मुलांचा. दिवाळी सरली की अनेक कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात, मुलांची शाळा तुटते. भट्टीवर मजुरी हजार विटांमागे ठरते आणि ओल्या विटा ओळींतच वाळत घालतात. एका ओळीत 40 आणि ओळी 25 असतील तर हजार भरले, हे ज्या मुलीला शाळेत मांडून समजलं आहे, ती आईबापांच्या मजुरीचा हिशेब मुकादमासमोर स्वतः पडताळू शकते. म्हणून दिवाळीच्या सुट्टीआधी, ती अजून वर्गात असतानाच, हा धडा पुरा व्हायला हवा.